चौपट उजेड

१२ जून

प्रिय मामा,

माझं पत्र बघून चष्मा पुसाल. आई म्हणाली, फोनवर तुला मामाचं सगळं ऐकू येतं आणि त्याला तुझं अर्धंच. उरलेलं अर्धं तो मनाने भरतो. तेव्हा कामाचं काही विचारायचं असेल तर लिहूनच विचार.

दाताच्या डॉक्टरांकडची नोकरी मी सोडली. हे आईने कळवलं असेलच, डोळे पुसत. इथल्या नव्या बंदिस्त स्टेडियमच्या क्रीडा संघटनेने मला फोटो काढायला घेतलंय. सध्या कच्ची, काम आवडलं तर पक्की करणार. आईचं म्हणणं, माणसं पक्की नोकरी सोडून कच्ची धरतात हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

सोबत पहिल्या आठवड्याचे फोटो आहेत. हसू नका. हॉलमध्ये बसलं की चांगला लख्ख उजेड वाटतो हो, पण कॅमेऱ्यात सगळं संध्याकाळ झाल्यासारखं येतं. टेबल टेनिसवाल्याचा हातच गायब. व्हॉलीबॉलचा चेंडू दुधी भोपळ्यासारखा लांबुडका. संघटनेचे सेक्रेटरी फोटो बराच वेळ तिरके धरून बघत होते. मग म्हणाले, "यात आपली टीम कुठली?"

कॅमेरा मी ऑटोवर ठेवला होता, कारण दुसरं काही येत नाही. तुम्ही जन्मभर स्टुडिओ चालवलात. काय किती ठेवायचं ते सांगा ना. महिनाअखेरीस बॅडमिंटन आहे.

तुमची,
भिंगरी

२० जून

भिंगरे,

हसलो. मामीला दाखवले, तीही हसली. मग दोघांनाही वाईट वाटलं आणि मी लिहायला बसलो.

उजेडाला आपले डोळे सरावतात, कॅमेरा सरावत नाही, एवढीच गोष्ट आहे. हॉल कितीही लख्ख वाटला तरी बाहेरच्या उन्हापुढे तो अंधारच. ऑटोवर ठेवलंस की कॅमेरा बिचारा उजेड गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि तेवढ्यात तुझा खेळाडू हात हलवून मोकळा होतो. म्हणून आधी ते ऑटोचं चाक फिरव आणि परत तिकडे बघू नकोस.

शटर पाचशेच्या खाली आणायचं नाही, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. बॅडमिंटनला आठशे, हजारपर्यंत जा, ते फूल फार पळतं. शटर एवढं भरभर मिटलं की उजेड कमी पडणारच, तो दोन ठिकाणांहून भरून काढायचा. लेन्सचं तोंड पूर्ण उघड. माझी जुनी २.८ ची लेन्स पार्सलने पाठवतोय, आकडा लहान तेवढं तोंड मोठं, तुझ्या कॅमेऱ्याला बसते हे दुकानात विचारून घेतलंय. तरी कमी पडलं तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढव, बत्तीसशेपर्यंत. पांढरा कागद समोर धरून पांढरं म्हणजे काय ते कॅमेऱ्याला एकदा शिकव, नाहीतर सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतील. आणि एकेक फोटो काढत बसू नकोस, बोट दाबून ठेवून चार-पाच काढ. असले दिवे लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही एवढंच.

फ्लॅश वापरू नकोस. बहुतेक ठिकाणी मनाई असते.

हे सगळं मी वाचून आणि हिशेब करून सांगतोय हो. मी जन्मभर खुर्चीत बसलेल्या माणसांचे फोटो काढले. हनुवटी वर म्हटलं की हनुवटी वर. तुझी माणसं तसं ऐकणारी नाहीत.

पाठवशील त्या प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने सेटिंग लिहीत जा. नुसता फोटो बघून औषध देता येत नाही.

मामा

९ जुलै

प्रिय मामा,

लेन्स मिळाली! वजनदार आहे, मान दुखते, पण काय देखणी आहे. सोबतचे फोटो बघा. शटलचं पीस न् पीस मोजून घ्या. हात आहेत सगळ्यांना! सेक्रेटरी म्हणाले, "हं, आता माणसं दिसतायत." त्यांच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

इथे एक वर्तमानपत्राचे फोटोग्राफर येतात. सगळे त्यांना दाढीवाले काका म्हणतात. माझ्या आधीपासून, म्हणजे स्टेडियमच्याही आधीपासून ते खेळांचे फोटो काढतायत. मला वाटलं होतं, नवीन बघून तुटक वागतील. पण त्यांनी स्वतःची गादी सरकवून मला शेजारी बसायला जागा दिली. "खाली बस पोरी, खालून काढलं की उडी मोठी दिसते." डबाही अर्धा पुढे करतात. त्यांच्या हाताला जरासा कंप आहे, पण कॅमेरा डोळ्याला लावला की थांबतो. मी मुद्दाम बघितलंय.

पुढच्या महिन्यात जिम्नॅस्टिक्सची मोठी स्पर्धा आहे. त्यातला एक फोटो निवडून स्टेडियमच्या दारावर भला मोठा लावणार आहेत. माझा निवडला तर नोकरी पक्की, असं सेक्रेटरी आडून आडून म्हणाले. इथली एक मुलगी आहे, बीमवर काम करते. बीम म्हणजे छातीएवढ्या उंचीवरची तळहाताएवढी रुंद पट्टी, तिच्यावर कोलांट्या आणि उड्या. तिला सगळे खार म्हणतात. पंधरा वर्षांची आहे. सरावात बघितली तिला. ती हवेत असते तेव्हा मी श्वास घ्यायला विसरते, आणि बटण दाबायलाही.

तुमची,
भिंगरी

१८ जुलै

भिंगरे,

हात-पाय आले, अभिनंदन. पण हे बाकीचं काय? या बॅडमिंटनवाल्या मुलीच्या तोंडावर कुणी रवा सांडलाय का? बत्तीसशे आयएसओ म्हणजे दाणे येणार हे मला कळतं, तो आकडा मीच सांगितला होता. पण कागदावर एवढे दिसतील असं वाटलं नव्हतं. भिंगातून बघितलं तर नाक कुठलं आणि दाणे कुठले कळेना. माझ्या स्टुडिओतून असा फोटो बाहेर पडला असता तर गिऱ्हाईकाने तो माझ्याच टेबलावर आपटला असता.

छोट्या आकारात खपेल. पण दारावर भला मोठा लावायचा तर हे चालणार नाही. तिथे एकेक दाणा वाटाण्याएवढा दिसेल. उजेड पाहिजे, उजेड. कुठून आणायचा ते तू बघ, आता तू शिकाऊ राहिलेली नाहीस. आपल्या घराण्याचं नाव दारावर लागायचं तर स्वच्छ लागू दे.

ती खार जमली तर मला पहिली प्रत.

मामा

२५ ऑगस्ट

प्रिय मामा,

पहिली प्रत.

निवडला. पुढच्या आठवड्यात दारावर लागेल. सेक्रेटरी म्हणाले, असा स्वच्छ फोटो या हॉलमध्ये आजवर कुणी काढलेला नाही. डोळ्यांतली चमक बघा म्हणाले.

ती नंतर पडली. कोपर निखळलं. या खेळात असं होत असतं म्हणतात.

आई खूश आहे. शेजारणींना सांगत सुटलीय. बाकी विशेष नाही. काम फार आहे.

भिंगरी

२ सप्टेंबर

माझे भिंगरे,

काय फोटो काढलास! पाकीट उघडलं आणि मी उभाच राहिलो. दोन्ही पाय हवेत, हात पसरलेले, केसांची एक बट सुटलेली आणि तीसुद्धा हवेत थांबलेली. आणि कातडी कशी, नुकतं तोंड धुतल्यासारखी! मी तो न्हाव्याला दाखवला, औषधाच्या दुकानात दाखवला, पोस्टमन आला त्याला आत बोलावून दाखवला. मामी म्हणाली, "आता रस्त्यावरच्या लोकांना तरी सोडा." माझ्या भाचीने काढलाय, असं मी ज्या आवाजात सांगत होतो, तो आवाज मी स्वतःच्या कामाबद्दल कधी काढला नाही.

आजच फ्रेम करायला टाकतो. त्या मुलीला कसं आहे आता? तिलाही एक प्रत दे. पडली असली तरी उडी सुंदर होती.

४ सप्टेंबर

हे पत्र परवा टाकायचं राहून गेलं. बरं झालं.

फ्रेम करायला फोटो उलटा ठेवला आणि मागची तुझी पेन्सिल वाचली. शटर अडीचशे, लेन्स ४ वर, आयएसओ आठशे. आधी वाटलं, लिहिताना चुकलीस. मग जुने फोटो काढले आणि हिशेब मांडला. त्याच हॉलमध्ये, त्याच दिव्यांखाली तुला पाचशे, २.८ आणि बत्तीसशे लागत होते. या आकड्यांना त्याच्या चौपट उजेड पाहिजे. तुमच्या हॉलमध्ये तेवढा उजेड नाही.

मग भिंग घेतलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका आहे. मागच्या भिंतीवर तिची सावली आहे, चाकूने कापल्यासारखी. छताच्या दिव्यांची सावली अशी पडत नाही.

भिंगरे, हा उजेड तू कुठून आणलास?

मामा

३ ऑक्टोबर

मामा,

तुमचं पत्र महिनाभर उशीखाली होतं. उत्तर लिहायला घेतलं की हात पुढे जाईना. आता लिहितेय, तेही एका दमात. परत वाचणार नाही, वाचलं तर पाठवणार नाही.

फ्लॅश होता. लहानसा, मुठीत मावेल एवढा. दाराशी पाटी होती, फ्लॅश वापरू नये. मी ती वाचली होती. मुलींच्या डोळ्यांवर उजेड आला तर पट्टी दिसेनाशी होते, हे दाढीवाल्या काकांनी मला आधीच सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. रोज रात्री म्हणून बघते, जमत नाही.

सकाळपासून मी तुमच्या आकड्यांनी फोटो काढत होते. सगळे दाणेदार. आणि मग खार चढली. मी मनात म्हटलं, एकच. एकदाच. प्रेक्षकांत एवढे मोबाइल आहेत, कुणाला कळणार?

ती उडाली आणि मी बटण दाबलं. मामा, तिचा एक पाय पट्टीवर पडला आणि दुसरा पडलाच नाही. ती हाताने पट्टी शोधत खाली आली. आंधळं माणूस भिंत चाचपतं ना, तशी. मग आवाज आला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही.

पंच उठून आमच्या कोपऱ्याकडे आले. "फ्लॅश कुणी मारला?" मी तोवर तो काढून पिशवीत टाकला होता. कसा टाकला ते आठवत नाही, पण हाताने ते काम फार सफाईने केलं. दाढीवाल्या काकांच्या कॅमेऱ्यावर मोठा फ्लॅश बसवलेला होता. बक्षीस समारंभाला लागतो म्हणून ते तो लावूनच ठेवतात, बंद करून. पंचांनी तो बघितला आणि त्यांनाच विचारलं, "तुम्ही?"

काका म्हणाले, "नाही हो. बंद आहे." मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं आणि परत म्हणाले, "बंदच असायला पाहिजे."

मी शेजारी बसले होते. आमची गादी एकच होती. मी लेन्स पुसत होते.

त्यांचा पास काढून घेतला. ते गेले तेव्हा मला म्हणाले, "गादी राहू दे, तुला लागेल."

आणि मी तुम्हाला लिहिलं, या खेळात असं होत असतं म्हणतात.

कुणीच असं म्हटलं नव्हतं.

भिंगरी

१० ऑक्टोबर

भिंगरे,

वाचलं. पाणी प्यायलो आणि परत वाचलं.

आता शांतपणे ऐक. झालं ते झालं, ते तू मागे घेऊ शकत नाहीस. त्या मुलीचा हात बरा होईल, त्या वयात हाडं लवकर धरतात. तुमच्या त्या काकांचंही वय झालेलं आहे, हाताला कंप आहे असं तूच लिहिलं होतंस. आज ना उद्या ते थांबणारच होते. तुझं नुकतं कुठे बस्तान बसतंय. आता जाऊन सांगितलंस तर त्यांचं काही परत येईल की नाही माहीत नाही, तुझं मात्र सगळं जाईल. ताईला हे सोसणार नाही.

यापुढे कानाला खडा लाव. फ्लॅश कुणाला तरी देऊन टाक. कुणाशी बोलू नकोस. मीही बोलणार नाही.

काळजी घे. जेवत जा.

मामा

१३ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. दहा तारखेचं माझं पत्र फाडून टाक.

तुझी फ्रेम तयार होऊन आली. मामी खिळा-हातोडी घेऊन स्टुलावर चढली आणि म्हणाली, "कुठे लावू, सांगा." मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "अहो, एवढं गावभर दाखवलंत, आणि घरात नको?" तिला काय सांगायचं? मी म्हटलं, भिंत ओली आहे. भिंत कोरडी ठणठणीत आहे. ती स्टुलावरून माझ्याकडे बघत राहिली.

मग कळलं की मी तुला काय शिकवून बसलोय. एका म्हाताऱ्या माणसाची रोजीरोटी मी दोन ओळींत निकालात काढली, कारण तो माझा कुणी नाही. तू ज्याला डोळ्यांनी बघितलंस, त्याचा हात कॅमेऱ्यापाशी थांबतो म्हणून कौतुकाने लिहिलंस, त्याचाच कंप मी तुझ्या बाजूने पुरावा म्हणून वापरला. लिहिताना जराही अडखळलो नाही. अक्षर बघ, किती सरळ आहे.

आणि दुसरं. रवा सांडलाय असं मी लिहिलं. उजेड कुठून आणायचा ते तू बघ, असं मी लिहिलं. घराण्याचं नाव, वगैरे. बटण तुझ्या बोटाने दाबलं, ते तुझंच. पण मागून ढकलणारा हात माझा होता, आणि तुझ्या पत्रात तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. तू लिहिलं असतंस तर मी रागावलो असतो. लिहिलं नाहीस म्हणून मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

काय कर ते मी सांगत नाही. मी सांगायच्या लायकीचा राहिलो नाही. मामीला मात्र सगळं सांगितलं. ती स्टुलावरून उतरली आणि आत गेली. अजून धड बोलत नाही.

मामा

२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. मामाच गप्प राहा म्हणतायत, मग झालंच. त्या दिवशी मी पोटभर जेवले. खूप दिवसांनी. आई म्हणाली, "आज कशी नीट जेवलीस!" आणि तिचा तो आनंद बघून घास तोंडातच फिरायला लागला. दुसरं पत्र नंतर आलं. पण त्याच्या आधीच मी जाऊन आले होते, म्हणजे तुम्ही मला पाठवलंत असं मनात आणू नका.

पहिल्यांदा सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्रासून म्हणाले, "अहो, पण आता कशाला? फोटो लागलाय की दारावर!" मी म्हटलं, तो काढा. ते म्हणाले, "लोकांना आवडलाय." मग मी लेखी दिलं, तेव्हा त्यांना काही करणं भाग पडलं. माझी नोकरी गेली. या हंगामात कुठल्याही स्पर्धेत मला कॅमेरा घेऊन बसता येणार नाही. काकांचा पास परत दिला. फोटो उतरवला, पण त्याला बरेच दिवस गेले. तोवर खार रोज सरावाला त्याच दारातून जात होती, हात गळ्यात अडकवून.

मग काकांकडे गेले. दोन खोल्यांचं घर. कॅमेरे कपाटात, कपाटाला कुलूप. मी दारातच सांगून टाकलं, आत बसले असते तर बोलता आलं नसतं.

 काका दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी नव्हतो?"

मामा, त्यांना वाटत होतं त्यांनीच केलं. बोट चुकून लागलं असेल, वयामुळे. दोन महिने ते हेच धरून बसले होते की आपल्या हाताने एक पोर पाडली. पास परत मागायला ते गेलेच नव्हते. खारच्या घरी जाऊन तिच्या आईची माफी मागून आले होते. माझ्या वाटची माफी, मामा! तिच्या आईने दार लावून घेतलं होतं, त्यांच्या तोंडावर.

काकू आतून पाणी घेऊन आल्या. काकांनी माझ्या हातात पेला येण्याआधीच त्यांना थांबवलं. म्हणाले, "नको. ती निघालीय." आवाज चढवला नाही. मी निघाले.

खारच्या घरीही गेले. तिच्या आईने ऐकून घेतलं. "आता तुम्ही आलात. आणखी कोण कोण यायचंय?" एवढंच म्हणाली. आत खार भिंतीला पाठ लावून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

आईला मीच सांगितलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. शेजारणींनी फोटोचं विचारलं की आता ती म्हणते, "असेल कुठेतरी."

हे सगळं करून हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटत. रस्त्याने जाताना सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं, आणि घरी आलं की कुणालाच माहीत नाही असं वाटतं. दोन्ही सारखंच वाईट.

तुमची लेन्स परत पाठवू का?

भिंगरी

९ नोव्हेंबर

भिंगरे,

लेन्स पाठवू नकोस.

मामी म्हणते, तिला सांगा की भात टाकलाय, ये. तुला इथे यायला गाडीने दिवस लागतो हे तिला माहीत आहे. तरी म्हणते.

मी न्हाव्याकडे, औषधाच्या दुकानात आणि पोस्टमनला खरं काय ते सांगून आलो. न्हावी म्हणाला, "मग तुम्ही कशाला सांगताय, भाचीचं?" मी म्हटलं, मिरवताना भाचीचं म्हणालो होतो, आता माझंही आहे. त्याला ते कळलं नाही. माझी दाढी मात्र त्याने अर्धवटच केली, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

मामा

१९ जानेवारी

प्रिय मामा,

दातांच्या डॉक्टरांनी परत घेतलं. सकाळी तिथे असते. दुपारचं सांगायला लिहितेय.

गेल्या महिन्यात खारच्या बाई आल्या, म्हणजे तिला शिकवणाऱ्या. मला वाटलं, ऐकवायला आल्यात. त्या म्हणाल्या, "तिचा हात बरा झालाय. सगळं करते. पण उडीच्या आधी थांबते आणि कोपऱ्यात बघते. कॅमेरावाला कुणी असला तर चढतच नाही. पुढच्या स्पर्धेत कॅमेरे असणारच. तुम्ही सरावाला येऊन बसा. नुसत्या बसा आणि फोटो काढा, उजेड न पाडता. तिला सवय झाली पाहिजे. दुसऱ्या कुणाला बोलावू शकते, पण ती म्हणाली, त्याच बाईला बोलवा."

सरावाचा हॉल स्टेडियमपेक्षाही अंधारा आहे. मी पाचशेवर ठेवते, तोंड पूर्ण उघडं आणि आयएसओ चौसष्टशे. फोटो कसे येतात ते विचारू नका. कुणाला दाखवायचेही नाहीत. नुसता शटरचा आवाज तिच्या कानावर पडायचा. पहिले कित्येक दिवस तिने जमिनीवरच कवायत केली. मी बटण दाबलं की तिची मान वळायची. मग दाबायच्या आधी मी सांगायला लागले, "काढतेय." 

काल पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "तो फ्लॅश आहे का अजून तुमच्याकडे?"

मी म्हटलं, आहे. कुणाला द्यायचा धीर झाला नव्हता.

"उद्या आणा."

आज नेला. तिने तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. एवढासा, असं म्हणाली. मग बटण कुठलं ते विचारलं. मी दाखवलं. हॉलच्या कडेला लहान मुलींसाठी ठेवलेली पट्टी आहे, घोट्याएवढ्या उंचीची. तिकडे बोट करून म्हणाली, "चढा."

बाई दारात उभ्या होत्या. 

मी चपला काढल्या आणि चढले. घोट्याएवढीच उंची, मामा, तरी मी दोन्ही हात पसरले. "चाला," ती म्हणाली. मी चालले. दुसरं पाऊल उचललं आणि तिने समोरून फ्लॅश मारला.

काहीच दिसेना. आधी पांढरं, मग हिरवं. पट्टी माझ्या पायाखाली होती हे मला माहीत होतं, पण कुठे होती ते कळेना. पाय ठेवला तिथे काही नव्हतं. गादीवर गुडघ्यांवर पडले, हात पुढे चाचपत. लागलं नाही. ती हसली नाही. कुणीच हसलं नाही.

मी तशीच बसून राहिले. फ्लॅश गादीवर ठेवल्याचा आवाज आला, मग तिच्या पावलांचा. मोठ्या पट्टीकडे गेली असावी. मी डोळे चोळत होते, पण जिकडे बघावं तिकडे मधोमध हिरवा ठिपका, आणि त्याच्या कडेने तिचे हात तेवढे हलताना दिसत होते. कॅमेरा गळ्यात होता. मी त्याला हात लावला नाही.

पट्टी थोडी वाजली. मग काही नाही. मग दोन पाय एकापाठोपाठ पट्टीवर टेकले. बाईंनी दारातून मोठ्याने श्वास सोडला.

खार खाली उतरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दिसलं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मलाही नव्हतं दिसलं," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला गेली.

तुमची,
भिंगरी